जुन्या कॅम्परमधला फ्रीज गेला : पुन्हा गॅसचाच घ्यावा की १२ व्होल्टचा?

मिशिगनकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. डेट्रॉईटजवळ राहणाऱ्या आम्हा चौघांकडे १९९८ साली बनलेला, पिकअपमागे जोडून ओढायचा २३ फुटी कॅम्पर आहे. सहा वर्षांपूर्वी एका निवृत्त जोडप्याकडून तो घेतला, आणि छताची एक गळती सोडली तर त्याने आजवर कधी त्रास दिला नाही. गेल्या शनिवारच्या सहलीसाठी मात्र दोन दिवस आधी फ्रीज विजेवर लावून ठेवला, सामान भरायला दार उघडले, तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त उबारा होता आणि डोळ्यांना झोंबणारा वास आला. लहानपणी सांगलीला आमच्या गल्लीत कल्हईवाला बसत असे. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकी तेव्हा जो वास नाकात शिरे, तोच हा वास. बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढून बॅटरीचा झोत टाकला तेव्हा फ्रीजमागच्या नळ्यांच्या जोडावर, अगदी बुडाशी, हळदीसारखी पिवळी भुकटी साचलेली दिसली.

हा फ्रीज सहा घनफुटांचा असून १२० व्होल्टची वीज किंवा प्रोपेन अशा दोहोंवर चालत असे. ऑगस्टमध्ये माझे आईबाबा येणार आहेत आणि त्यांना घेऊन लेक सुपीरियरच्या काठी पिक्चर्ड रॉक्सला तीन रात्री राहण्याचे ठरले आहे. तिथल्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नसते. बाबा इन्सुलिन घेतात, त्यामुळे बर्फाच्या पेटीवर भागवण्याचा धोका मला या वेळी पत्करायचा नाही. मला मिळालेले भाव असे आहेत : तसाच नवा गॅस-विजेचा फ्रीज १,६५० डॉलर, जुन्याच कपाटाला नवे शीतक यंत्र (मागच्या नळ्यांचा संच) बसवून घेतल्यास ८५०, आणि बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज १,१५०. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_चाके (ओहायो)

पिवळी भुकटी आणि अमोनियाचा वास ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर शंकेला जागा नाही, नळी फुटलेली आहे. हा फ्रीज आता विजेवरही लावू नका आणि गॅसवर तर मुळीच लावू नका, कारण त्या नळ्यांमध्ये अमोनियाबरोबर हायड्रोजनही असतो आणि शेजारीच ज्योत पेटते. ती भुकटी सोडियम क्रोमेटची आहे. आतल्या पोलादी नळ्या गंजू नयेत म्हणून ते द्रावणात मिसळलेले असते आणि ते विषारी आहे. हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपून घ्या, झाडूने झटकू नका आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

असे फ्रीज कशाने मरतात हे समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा होईल, म्हणून थोडे लांबण लावतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. खाली बॉयलरमध्ये अमोनिया आणि पाण्याचे द्रावण तापते, अमोनियाची वाफ वेगळी होऊन वर चढते, मागच्या पत्र्यांच्या जाळीत निवून तिचा द्रव होतो, आणि तो द्रव फ्रीजरच्या नळीत उतरला की तिथल्या हायड्रोजनमुळे कमी दाबावर उडू लागतो व उडताना आतली उष्णता ओढून घेतो. मग उरलेले पाणी त्या अमोनियाला पुन्हा पिऊन टाकते आणि द्रावण बॉयलरकडे परतते. यात पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. परतीचे सगळे द्रव केवळ उताराने वाहतात. म्हणून कॅम्पर तिरका उभा असला की द्रावण बॉयलरकडे परत येत नाही, बॉयलर कोरडा तापतो, सोडियम क्रोमेट साखळून नळी तुंबते, आणि हे वारंवार घडले की एक दिवस जोड फुटतो. रस्त्यावर धावताना होणारी हालचाल बाधत नाही, कारण द्रव डुचमळत का होईना फिरत राहतात. उभा तिरकेपणा मारतो.

म्हणून विचारतो, तुमचा कॅम्पर घरी कुठे उभा असतो?

मिशिगनकर (धागाकर्ता)

आपला प्रश्न वाचून मी लगेच पाणसळ घेऊन बाहेर गेलो. आमच्या घरासमोरची वाट रस्त्याकडे उतरती आहे आणि एका कडेलाही झुकलेली आहे. पाणसळीतला बुडबुडा दोन्ही दिशांना रेघेच्या पार बाहेर गेला. प्रत्येक सहलीच्या आधी आतले सामान गार व्हावे म्हणून मी दोन-दोन दिवस फ्रीज तिथेच लावून ठेवत असे आणि ठोकळे लावून कॅम्पर समतल करण्याचे काम मुक्कामी पोचल्यावरच करत असे. सहा वर्षे मी हेच केले. फ्रीज जुना झाला म्हणून गेला असे मी धरून चाललो होतो, पण तो माझ्या हातून गेला आहे. हे कळले ते बरे झाले, नाहीतर नवाही मी असाच घालवला असता.

वाळवंटी (टेक्सास)

ज्यांचा फ्रीज गार होत नाही पण ज्यांना अमोनियाचा वास आलेला नाही आणि पिवळी भुकटीही दिसलेली नाही, त्यांनी हा धागा वाचून लगेच नवा फ्रीज मागवू नये. आधी विजेचा हीटर तपासावा. वायर सुटी करून मीटर लावला तर १२० व्होल्ट, ३२५ वॉटच्या हीटरचा रोध सुमारे ४४ ओहम यायला हवा, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर वीस-तीस डॉलरांचा हीटर बदलून काम होते. फक्त गॅसवरच गार होत नसेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे असते, आणि ते हिवाळ्यानंतर जवळजवळ दर वर्षी सापडते. दाबाच्या हवेने नळी साफ करावी, मात्र गॅसच्या बारीक छिद्रात तार घालू नये, छिद्र मोठे झाले तर ज्योत बिघडते. काही मॉडेले आगीच्या धोक्यामुळे पूर्वी परतही मागवली गेली आहेत, म्हणून दाराच्या आतल्या पट्टीवरचा क्रमांक एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा घालून पाहावा.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटच्या पुढे गेला की गॅसचा फ्रीज दुपारी हात टेकतो. मागच्या पोकळीत, वरच्या जाळीजवळ, संगणकातले असतात तसे दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे बसवल्यावर थोडा फरक पडला, पण दूध नासायचे थांबले नाही. शेवटी मी कॉम्प्रेसर घेतला. तुमचे मिशिगन थंड आहे, तिथे हे कारण लागू होत नाही.

जुनी_चाके (ओहायो)

तुम्ही डेट्रॉईटजवळ आहात म्हणून ८५० डॉलरच्या पर्यायाबद्दल लिहितो. इंडियाना राज्याच्या उत्तरेला शिपशेवानाच्या परिसरात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती आहे. ते घरात सार्वजनिक वीज घेत नाहीत, त्यामुळे गॅसवरचे फ्रीज ही त्यांची रोजची गरज आहे आणि त्यांच्यातले काही कारागीर कॅम्परच्या फ्रीजची शीतक यंत्रेही बांधतात. माझ्या जुन्या फ्रीजला मी तिथूनच यंत्र बसवून घेतले. नळीची जाडी आणि वेल्डचे काम मूळ यंत्राहून सरस आहे आणि सात वर्षे झाली, तक्रार नाही. कपाट, दार आणि खाचा त्याच राहतात, त्यामुळे सुतारकाम शून्य. शिवाय तुम्ही वीज नसलेल्या झाडीत राहणार आहात. तुमच्या मापाच्या फ्रीजचा बर्नर ताशी साधारण १,५०० बीटीयू (उष्णतेचे एकक) जाळतो आणि २० पौंडी टाकीत सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात, म्हणजे ज्योत अखंड पेटती धरली तरी टाकी १२ दिवस पुरते. इतकी ऊर्जा बॅटरीत साठवायला किती खर्च येईल याचा हिशेब करून पाहावा. मी तरी गॅस सोडणार नाही.

तारतंत्र (न्यू जर्सी)

हिशेब मी मांडतो, पण बीटीयूची थेट तुलना केली तर दिशाभूल होईल, कारण थंडावा तेवढाच मिळवायला गॅसचा फ्रीज कॉम्प्रेसरच्या कितीतरी पट ऊर्जा खातो. सहा-सात घनफुटांचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ५० वॉट घेतो आणि मिशिगनच्या हवेत दिवसाच्या ४० ते ४५ टक्के वेळ चालतो. म्हणजे २४ तासांत ५०० वॉट-तासांच्या आसपास, १२ व्होल्टला ४० ते ४५ अँपिअर-तास. तुमच्याकडे १०० अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची शिसे-आम्ल बॅटरी असेल तर तिचा निम्माच साठा वापरावा असा दंडक आहे, आणि तो एका दिवसात संपेल. तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतले ८० ते ९० सहज वापरता येतात, म्हणजे सूर्य न दिसता दोन दिवस.

मिशिगनकर, म्हणूनच १,६५० विरुद्ध १,१५० अशी तुलना तुम्ही करू नये. कॉम्प्रेसर घेतलात तर बॅटरी बदलेल, १९९८ सालचा चार्जर बदलेल (लिथियमला चार्ज करताना १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात आणि तुमचा जुना चार्जर तेवढे देत नसणार), सौर पॅनेल येईल, आणि फ्रीजपर्यंतची वायरही बदलेल. या वायरीपायीच अनेकांचा नवा फ्रीज दुसऱ्या दिवशी बंद पडतो आणि दोष फ्रीजला दिला जातो. तुमच्या जुन्या फ्रीजला १२ व्होल्टची वीज केवळ नियंत्रक पाटीपुरती लागत होती, म्हणून कारखान्यात तिथे १८ गेजची बारीक वायर ओढलेली असेल. बॅटरीपासून फ्रीज २० फुटांवर धरला तर जाऊन-येऊन ४० फूट वायर होते, तिचा रोध पाव ओहम, आणि कॉम्प्रेसर ५ अँपिअर ओढू लागला की सव्वा व्होल्ट वायरीतच जिरतो. बॅटरी पहाटे १२ व्होल्टच्या जरा खाली आली असेल तर फ्रीजला पावणेअकराच्या आसपासच मिळतात, आणि बहुतेक कॉम्प्रेसर १०.४ व्होल्टला स्वतःला बंद करून घेतात. सुरू होतानाच्या झटक्यात तेवढे कमी होणे काही कठीण नाही. १० गेजची जाड वायर घातली तर हीच घट एक पंचमांश व्होल्टवर येते. बॅटरीच्या टोकाला १५ अँपिअरचा फ्यूज लावा.

पुणे_ते_कुठेही

एक शंका आहे. एवढा खर्च करायचाच असेल तर दुकानात मिळणारा साधा घरगुती फ्रीज इन्व्हर्टरवर का चालवू नये? तो तर याहून पुष्कळ स्वस्त असतो.

तारतंत्र (न्यू जर्सी)

कायम विजेच्या जोडणीवर राहणाऱ्यांनी खुशाल घ्यावा, अनेक जण घेतात. जोडणीविना राहायचे असेल तर इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो आणि फ्रीज बंद असतानाही तो स्वतः वीज खात राहतो. घरगुती फ्रीजचे दार खड्ड्यांत उघडते, त्यामुळे बाहेरून कडी बसवावी लागते, आणि मागची नळी व कॉम्प्रेसरचे पाय सततच्या हादऱ्यांसाठी बनवलेले नसतात.

राइनकाठ (जर्मनी)

मी एका वेगळ्या बाजूने लिहिते. फ्रीज कोणताही घ्या, पण जुना काढताना गॅसच्या नळीचे काय करणार ते आधी ठरवा. आमच्याकडे कॅरव्हॅनच्या गॅस यंत्रणेची दर दोन वर्षांनी जाणकाराकडून तपासणी करून घेण्याची पद्धत आहे आणि ती मला अतिशय योग्य वाटते. आम्ही आमच्या जुन्या गाडीतला फ्रीज बदलला तेव्हा नळीचे तोंड नुसते चिकटपट्टी गुंडाळून, वाकवून ठेवलेले मिळाले. आमच्या आधीच्या मालकाने एकदा फ्रीज काढून बसवला होता आणि ती नळी तशीच सोडली होती. तिच्या पलीकडच्याच फळीवर आमची मुलगी झोपत असे.

टाकी बंद करा, शेगडी पेटवून नळीतला गॅस जळू द्या, मगच नट सोडा. एका पान्याने व्हॉल्व्ह धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर तांब्याची नळी पिळली जाते. टोकाला योग्य मापाचे धातूचे फ्लेअर टोपण (नळीच्या पसरट तोंडावर बसणारे) बसवा. फ्लेअर जोडाला टेफ्लॉनची पट्टी लावायची नसते, तिथे धातूवर धातूच बसायला हवा. नंतर टाकी उघडून जोडावर साबणाचा फेस लावा आणि चांगली पाच मिनिटे पाहत राहा. हे काम हाताला सरावाचे नसेल तर गॅसच्या कारागिराला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

मिशिगनकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस विचार करून मी कॉम्प्रेसर फ्रीज मागवला. जुनी_चाके यांचा सल्ला मला पटला होता आणि उतरती वाट नसती तर मी शिपशेवानाला नक्की गेलो असतो. परंतु निघण्याआधी घरी फ्रीज चालवणे आम्हाला टाळता येत नाही, आणि आमची वाट काही सपाट होणार नाही. कॉम्प्रेसरला थोडा तिरकेपणा चालतो. दुसरे कारण बाबांच्या इन्सुलिनचे आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि ते गोठले तर फेकूनच द्यावे लागते. आमच्या जुन्या फ्रीजमध्ये दुपारी दहा अंश आणि पहाटे मागच्या पत्र्याला बर्फ, अशी अवस्था असे.

जुना फ्रीज बाहेर काढणे हे सगळ्यांत अवघड काम ठरले. समोरचे चार आणि मागच्या बाजूचे दोन स्क्रू काढले तरी तो जागचा हलेना, कारण जुन्या चिकट पट्टीने कडा धरून ठेवल्या होत्या. पातळ पटाशी चहूबाजूंनी फिरवल्यावर तो सुटला. मग कळले की कॅम्परचे दार २४ इंचांचे आणि फ्रीजची रुंदीही जवळजवळ तेवढीच. फ्रीजचे दोन्ही दरवाजे बिजागऱ्यांतून उतरवले, कॅम्परचे जाळीचे दार काढले, जुनी सतरंजी खाली घालून त्याला आडवा केला, आणि मी आत व शेजारी बाहेर असे करत इंच इंच सरकवला. नवा मागवण्याआधी दाराचे माप घेतले होते म्हणून निभावले, कारण बघितलेल्या तीनपैकी एक मॉडेल दारातून आतच आले नसते.

मागची पोकळी उघडी पडल्यावर खालच्या फळीचा एक कोपरा कुजलेला निघाला. वरच्या जाळीतून कधीतरी पाणी झिरपत होते आणि फ्रीज जागेवर असेपर्यंत ते कोणालाच दिसले नसते. तेवढी फळी कापून नवी बसवली. नवा फ्रीज दोन इंच बुटका आणि एक इंच अरुंद असल्याने वर पट्टी ठोकली आणि दोन्ही कडांना लाकडी चिपा दिल्या. छतावरची चिमणीची जाळी बंद केली, पण भिंतीतली खालची ठेवली, कारण कॉम्प्रेसरलाही श्वास घ्यायला हवा लागते. वायर १० गेजची घातली. गॅसच्या टोपणासाठी मी माणूस बोलावला आणि त्याने सगळ्या जोडांची दाबचाचणीही करून दिली. जुना फ्रीज घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात आधी फोन करून, भुकटीबद्दल स्पष्ट सांगून दिला.

बॅटरी, चार्जर, २०० वॉटचे घडीचे पॅनेल, वायर आणि गॅसच्या कारागिराची मजुरी धरून एकूण १,९९० डॉलर झाले. म्हणजे नवा गॅसचा फ्रीज यापेक्षा स्वस्तच पडला असता. तारतंत्र यांनी आधीच सांगितले नसते तर हा आकडा मला मध्येच कळला असता आणि काम अर्धवट राहिले असते.

वाळवंटी (टेक्सास)

सहलीला जाण्याआधी घरीच २४ तास चाचणी घ्यावी. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर ठेवा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे बदलत नाही. पाणी ४ अंशांच्या वर राहता कामा नये.

मिशिगनकर (धागाकर्ता)

आम्ही परवा परत आलो. पिक्चर्ड रॉक्समधल्या ट्वेल्व्हमाइल बीचच्या कॅम्पग्राउंडला तीन रात्री राहिलो. निघताना बॅटरी शंभर टक्के होती. पहिल्या २४ तासांत फ्रीजने ४१ अँपिअर-तास घेतले आणि दिवे, पंप, पंखा मिळून आणखी ८. आमची जागा उंच झाडांच्या सावलीत होती, त्यामुळे पॅनेलकडून पहिल्या दिवशी फक्त २५ आले. दुसऱ्या दिवशी ढग होते, तेव्हा १२. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी ४१ टक्क्यांवर पाहून मला काळजी वाटू लागली. पॅनेलची वायर आखूड पडत होती, पण जोडून लांब करायला ३० फुटी तुकडा बरोबर नेला होता. पॅनेल मोकळ्या उन्हात नेऊन दुपारपर्यंत दोनदा फिरवले आणि तब्बल ४० मिळाले. चौथ्या सकाळी निघताना ३५ टक्के शिल्लक होते.

जुनी_चाके, तुमचे म्हणणे खरे आहे. आम्हाला तिथे आठवडाभर राहायचे असते तर गॅसने मला निश्चिंत झोपू दिले असते, आणि या बॅटरीने दिले नसते. पुढच्या वर्षी दुसरी बॅटरी जोडणार आहे.

पेल्यातले पाणी चारही दिवस ३ ते ४ अंशांत राहिले. इन्सुलिनचा डबा मधल्या फळीवर, फ्रीजरच्या पत्र्यापासून दूर, रुमालात गुंडाळून ठेवला होता. बाबा रोज पहाटे उठून आधी थर्मामीटर वाचत आणि आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत. त्यांनीच मला दाखवून दिले की दार घट्ट लागायला खालच्या कोपऱ्यात जरा दाबावे लागते. तिथला रबर वाहतुकीत दुमडला होता. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने शेकल्यावर तो सरळ झाला.

राइनकाठ (जर्मनी)

छान झाले. हिवाळ्यात कॅम्पर बाहेर उभा राहणार असेल तर एक लक्षात ठेवा. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये ती काढून घरात आणतात आणि फ्रीजचे दार फटीत लाकडाचा ठोकळा घालून किलकिले ठेवतात, म्हणजे आत बुरशी येत नाही.

मिशिगनकर (धागाकर्ता)

दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. ठोकळा बाबांनी जाण्याआधीच कापून, कडा घासून, फ्रीजवर ठेवला आहे.